कांद्याची नळी

"खाली काय आहे?" रोकडे भाऊसाहेबांनी विचारलं आणि दगडावर टेकून बुटातला खडा काढला.

आम्ही तिघंच कड्याच्या डोक्यावर होतो. भाऊसाहेब, माझी सासू शुकरी आणि मी. पाड्यातले पुरुष पुढे जाऊन सावली धरून बसले होते, त्यांचं हसणं वाऱ्याबरोबर येत होतं. आमच्या पायाखालून कारवीच्या झुडपांमधून एक अरुंद घळ उतरत होती, थेट ओढ्यापर्यंत. अशा घळीला आम्ही नळी म्हणतो. ही कांद्याची नळी.

कांदा म्हणजे तुम्ही भजीत घालता तो नव्हे. आमचा कांदा रानात वेलाखाली वाढतो, हातभर खोल. बाहेरून केसाळ, आतून पिवळा, आणि असा कडू की नुसता उकडून खाल्ला तर माणूस ओकून ओकून अर्धा होतो. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात शिजवायच्या, टोपलीत भरून ती टोपली रात्रभर वाहत्या ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवायची. कडूपणा पाण्याबरोबर जातो. सकाळी जे उरतं ते जेवण. चव विचाराल तर फार काही नाही, पण पोटात दगडासारखं बसतं आणि तेच हवं असतं.

भाऊसाहेब जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. गुडघा दुखायचा, तपकीर ओढायचे, आणि आमच्यासारख्या पाड्यांना नकाशे करून द्यायचे. गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं रान गावाच्याच हाती द्यायचा कायदा आला होता. त्यासाठी दावा करावा लागे. दाव्याला नकाशा लागे, रानातून आपण काय काय आणतो त्याची यादी लागे आणि जुन्या माणसाचा जबाब लागे. नकाशा भाऊसाहेबांचा, यादी माझी, जबाब शुकरीचा. पाड्यात सगळ्यात म्हातारी तीच होती. हातात लोखंडी टोकाची खणायची काठी घेऊन दोन दिवस ती सगळ्यांच्या पुढे चालत होती.

तिला आमची वारली बोली सोडून दुसरी भाषा येत नव्हती. भाऊसाहेबांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मधे मी.

भाऊसाहेबांचा प्रश्न मी तिला सांगितला. तिने काठी रोवली आणि बोलायला लागली. ती काय बोलली ते तुमच्या मराठीत करून लिहिते. त्या दिवशीही मला हेच काम होतं. आज नीट करते.

"त्याला सांग," ती म्हणाली, "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासूने मला ही नळी दाखवली. वरच्या अंगाचे वेल आपल्या घरचे, मधले लहूच्या घरचे. ओढ्याजवळचे कुणाचे नाहीत, ते ज्या बाईच्या घरात कमावणारं कुणी नाही तिचे. दिवाळी झाली, पान पिवळं पडलं, की खणायचं. आधी खणेल तिला ओढ्यावर कुणी टोपली लावू देत नाही. पोट काढायचं, डोकं परत मातीत ठेवायचं, वर पाला, वर दगड. तिसऱ्या वर्षी त्याच खड्ड्यात कांदा तयार. रघूचा बाप गेला त्या सालात पाड्यात कुणाकडे दाणा नव्हता. अख्खा पाडा या नळीने जगवला. आम्ही हिला राखलं, हिने आम्हाला राखलं. असं लिही म्हणावं."

पोट म्हणजे कांद्याचा खायचा भाग, डोकं म्हणजे वरचा तुकडा, जिथून वेल फुटतो तो. रघू म्हणजे माझा नवरा. तो हंगामाला वीटभट्टीवर होता.

भाऊसाहेब माझ्याकडे बघत होते, मोजणीचं यंत्र हातात धरून. "काय म्हणतायत?"

"म्हणते, खाली नुसते दगड आहेत," मी म्हणाले. "पाय घसरतो. कुणी जात नाही."

"एवढं बोलल्या त्या, आणि एवढंच?"

"म्हाताऱ्या माणसांचं तसंच असतं."

ते हसले. मग वही काढली, पण लिहिलं नाही. भला माणूस. म्हणाले, "गुलाबताई, तुमची शीव ओढ्यापर्यंत जाते असं काल सगळे सांगत होते. मी रेघ वरून नेली तर कारण द्यावं लागेल, तेही यांच्या जबाबात. पुन्हा एकदा नीट विचारा. यात जे लिहिलं गेलं नाही ते तुमचं कधी नव्हतंच असं धरतात."

मी शुकरीकडे वळले आणि आमच्या बोलीत विचारलं, "आये, पाणी पाहिजे का?"

"नको," ती म्हणाली.

"नाहीच म्हणते," मी भाऊसाहेबांना सांगितलं.

त्यांनी लिहिलं. शुकरीला वाटलं आपलंच लिहितायत, तेवढ्यापुरती ती कमरेत सरळ उभी राहिली.

असं मी का केलं? कारण सांगायला गेलं तर अगदी एवढंसं आहे. त्याआधी आठ दिवस मी तालुक्याला गेले होते, यादी टाइप करून आणायला. कचेरीबाहेर उंबराखाली एक टायपिंगवाला बसायचा. माझ्या पुढे दुसऱ्या कुठल्या पाड्याची बाई होती. तिची यादी तो मोठ्याने वाचत टाइप करत होता. मोह, हिरडा, डिंक इथपर्यंत ठीक. मग थांबला. "कडू कांदे? अहो, ते तर रानडुकरं उकरून खातात. हा दावा माणसांचा आहे का डुकरांचा?" रांगेतली माणसं हसली. ती बाई पदराचं टोक बघत राहिली. मीही हसले. जरा जास्तच हसले, कारण माझ्या पिशवीतल्या यादीत पहिली ओळ तीच होती. शुकरीने सांगितलेली.

मी नंबर सोडला आणि स्टँडवर येऊन बसले. तिथे बाकावर ती ओळ खोडली. पट्टी लावून, सरळ रेघ मारून. माझ्या हाताला घाणेरडं खोडता येत नाही.

आठ वर्षांची असताना मला बापाने आश्रमशाळेत घातलं होतं. पहिल्याच आठवड्यात मुलींनी माझी बोटं हुंगली आणि नाव ठेवलं, कांदेखाई. दुसरीच्या दिवाळीला घरी आले ती परत गेले नाही. पुढे लग्नानंतर अंगणवाडीत मदतनीस झाले, खिचडी ढवळता ढवळता भिंतीवरच्या तक्त्यांवरून वाचायला शिकले. अननसातला अ. अननस मी अजून खाल्लेला नाही, पण अ फार छान काढते. पाड्यातली मी एकच बाई लिहिणारी. पुरुषांत लहू सही करायचा, बाकी अंगठे. म्हणून वनहक्क समिती झाली तेव्हा लहू अध्यक्ष आणि मी सचिव. सचिव गुलाब रघू वारघडे असं पहिल्यांदा लिहिलं तेव्हा शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले होते. त्या नावाखाली कडू कांदे लिहायचं माझ्याने झालं नाही.

ग्रामसभा अंगणवाडीसमोर झाली. मी यादी वाचली, मोहापासून मधापर्यंत. पुरुषांचं लक्ष बांबू आला का एवढ्यावर होतं. कांदे खणायला बायका जातात, पुरुष फक्त खायला असतात. बायका मागे बसलेल्या, पोरं रडत होती. कुणी काही विचारलं नाही. मग भाऊसाहेबांच्या वहीवरून मी उतरवलेल्या जबाबावर अंगठा घ्यायची वेळ आली. शुकरी माझ्यासमोर उकिडवी बसली. तिचा अंगठा मी माझ्या हातात धरला. कांदे सोलून सोलून त्याचं कातडं मोहाच्या सालीसारखं झालं होतं, शाई भेगांतच शिरत होती. ती हळूच म्हणाली, फक्त मला ऐकू येईल असं, "नळी आली ना गो यात?"

"आली."

"मग लाव."

मी तिचा अंगठा कागदावर दाबला. चांगला उठला नाही म्हणून दुसऱ्यांदा दाबला.

तीन वर्षांनी हक्काचा कागद आला. जेवण झालं, तारपा वाजला, फोटो काढले. फोटोत मी मधे आहे, कागद छातीशी धरून. शुकरी नळीकडे गेली होती, ते दिवस खणायचे होते.

पुढच्या उन्हाळ्यात लहूची सून धापा टाकत आली. नळीत माणसं आलीत, म्हणाली, चुन्याच्या खुणा करतायत, कारवी कापून ढीग लावलाय. पाडा उठला. कागद लहूने घेतला, मी मनात नको नको म्हणत मागून गेले. शुकरी कधीच पुढे पोचली होती.

नळीच्या तोंडाशी जंगलखात्याची जीप उभी होती. सागाची लागवड होणार होती. तिथला साहेब तरुण होता, शांत होता. शिवी देणारा असता तर बरं झालं असतं. त्याने लहूचा कागद घेतला, स्वतःकडचा नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला आणि बोटाने दाखवलं. "ही तुमची रेघ. वरून गेलीय. इथून खाली तुमचं नाही."

लहू म्हणाला, असं होणार नाही, आमची शीव ओढ्यापर्यंत आहे, साहेबांचं काहीतरी चुकतंय.

साहेबाने मागचं पान उलटलं आणि वाचलं. "जबाब देणार शुकरी देवू वारघडे, वय अंदाजे सत्तर. सांगते की सदर नळीत फक्त दगड असून गावातील कोणी तेथे जात नाही व गावाचा कोणताही वापर नाही. अंगठा." मग कौतुकाने म्हणाला, "अक्षर काय सुंदर आहे हो. कुणाचं?"

कापलेल्या कारवीच्या ढिगावर एक खारूताई बसली होती, मी तिच्याकडे बघत राहिले.

शुकरीला त्यातलं काही कळलं नव्हतं. तिने विचारलं, "काय म्हणतो तो?"

पाड्यातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. शुकरीला मराठी सांगायचं काम माझंच, म्हणून पाहिलं. मला सांगावं लागलं.

"तो म्हणतो, तू सांगितलंस की इथे नुसते दगड आहेत. कुणी येत नाही. असं कागदात आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही पाहिलं. टोपली उचलण्याआधी बाई ओझ्याचा अंदाज घेते तेवढाच वेळ. मग पाड्याकडे तोंड करून म्हणाली, "हां. सांगितलं मी तसं. दमले होते. खाली उतरायला लागेल म्हणून बोलून गेले."

लहू तिच्याकडे बघतच राहिला. कुणीतरी म्हणालं, म्हातारे, अगं काय केलंस. ती म्हणाली, "केलं खरं."

माझ्या तोंडात जीभ होती. मराठी होती, वारली होती. मी एकाही भाषेत काही बोलले नाही.

साहेबाला लहूने विनवलं, तेव्हा तो म्हणाला, रेघ माझ्या हातात नाही, पण दोन दिवस खड्डे थांबवतो, तुमचं काय काढायचं असेल ते काढून न्या. माणूस वाईट नव्हता. या सगळ्यात वाईट शोधायला गेलं तर एकच सापडतं.

दोन दिवस शुकरी आणि मी नळीत खणत होतो. बाकीच्या बायका पहिल्या दुपारी आल्या आणि परत गेल्या. भर उन्हाळ्यात वर वेलाचं नाव नाही, कोरडी भुई आणि दगड, कांदा शोधणार कुठे? शुकरीला शोधावं लागत नव्हतं. एकेक दगड काठीने सरकवायची, म्हणायची, हा माझ्या सासूने ठेवलेला, हा लहूच्या आईचा, हा मीच परवा ठेवलेला, रघू रांगत होता तेव्हा. रघू तेव्हा चाळिशीला आला होता. कांदा निघाला की डोकं कापून पानांत गुंडाळायची आणि माझ्या टोपलीत द्यायची. ती डोकी बांबूच्या बेटामागे लावायची होती, आमच्या रेघेच्या आत.

माझ्या हातून डोकी तुटत होती. मी वरवर खणत होते, मान खाली घालून, लवकर लवकर. चौथं तुटलं तेव्हा तिने माझ्या हातातली काठी धरली. मला वाटलं आता बोलेल. मनातून मला ते हवंही होतं.

ती म्हणाली, "लाज धरून खणू नको. लाजेने खणलं की खोल जात नाही, आणि डोकं हातात तुटतं."

मग माझ्या काठीचं टोक तिने हातभर लांब रोवून दिलं. "इथून. आणि सावकाश."

यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. त्यानंतर ती सहा वर्षं जगली. पाण्यावर बायका तिला टोमणे मारायच्या, या, दमलेल्या बाई आल्या, हिला बसायला द्या, नाहीतर ओढासुद्धा देऊन टाकेल. ती त्यांच्याबरोबर हसायची. लहू सभेत म्हणायचा, म्हातारीने नळी घालवली नसती तर. मी इतिवृत्त लिहीत असायचे. लहूचं वाक्य मी सुंदर अक्षरात लिहून घ्यायचे. बांबूमागे लावलेल्या डोक्यांतली थोडी जगली. मेली ती माझ्या हाताने काढलेली असं मला वाटायचं, पण सगळ्यांची सारखीच पानं, सांगता येत नव्हतं. चार वर्षांपूर्वी श्रावणात शुकरी गेली. तिच्या उशाशी ती खणायची काठी होती, ती मी घेतली.

गेल्या वर्षी रानाच्या आराखड्यासाठी सभा होती. कुठे काय लावायचं, कुठे चराई बंद ठेवायची, असं सगळं. कांद्याचा विषय निघाला, बांबूमागची जागा पुरत नाही म्हणून. तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली एक पोरगी म्हणाली, तिला कुणी ऐकवलं असेल तसं, "त्या शुकरी आजीनेच ना नळी घालवली? आळशी होती म्हणे."

आळशी हा शब्द माझ्याच्याने ऐकवला नाही. मी उभी राहिले. पेनाचं टोपण लावलं, आणि सांगितलं. उंबराखालचा टायपिंगवाला, खोडलेली ओळ, कड्यावर शुकरी काय म्हणाली आणि मी काय सांगितलं, पाणी पाहिजे का, अंगठा. सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर रजिस्टर उचलून लहूच्या पायाशी ठेवलं आणि म्हणाले, आता हे दुसऱ्या कुणाला द्या.

लहू आता फार थकलाय, त्याला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मला वाटलं त्याला ऐकूच गेलं नाही, पुन्हा सांगावं लागणार.

"आम्हाला ठाऊक होतं," तो म्हणाला.

मी होते तिथेच खाली बसले.

"गुलाब, शुकरीला मराठी कधी येत होती? रोकडेला तिने सांगितलं म्हणजे तूच सांगितलंस की. त्याला काय डोकं लागतं?"

एवढी साधी गोष्ट. इतकी वर्षं माझ्या ध्यानात आली नव्हती. मला वाटत होतं मी लपलेय.

लहू सावकाश बोलत होता, मागे बसलेल्या जुन्या बायका माझ्याकडे बघत नव्हत्या. "जीप आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, नळीत जायच्या आधी, तू अंगणवाडीची चावी द्यायला गेली होतीस. तेवढ्यात घरोघर फिरली ती. म्हणाली, नाव माझं घ्या. नळी गेली ती गेली. लिहिणारी एकच आहे आपल्यात, ती लाजून माहेरी निघून गेली तर पुढचा कागद कोण लिहील? मी म्हटलं, बरं, गप्प बसतो. तर म्हणते, नुसते गप्प बसू नका, तिला कळेल. मला बोला. पाण्यावर बोला, सभेत बोला. मी हसेन."

त्याला खोकला आला. पाणी प्यायला, तोंड पुसलं.

"मी विचारलं तिला, एवढं कशाला? एवढी नळी घालवली पोरीने. तर म्हणाली, पोट गेलं, डोकं तरी ठेवायला नको का."

मग त्याने वाकून पायाशी ठेवलेलं रजिस्टर उचललं, धूळ झटकली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाला, "लिही. कांद्याची नळी. परत मागायची आहे. काय काय आणतो तिथून ते पहिल्यापासून लिही, तिने सांगितलं होतं तसं."

मी टोपण काढलं. वरच्या अंगाचे वेल वारघड्यांचे, इथून सुरुवात केली. ओळ वर चढली, मग खाली आली, आणि दोन ठिकाणी शाई फुटली. ते पान अजून रजिस्टरात आहे. माझ्या हातचं सगळ्यात घाणेरडं अक्षर.